बाबांच्या सुट्टीचे दिवस

आमच्या घरात सकाळी सगळ्यांत आधी ऐकू यायची ती रोमाची नखं. मागच्या अंगणातल्या फरशीवर ती येरझाऱ्या घालायची, मग स्वयंपाकघराच्या दाराच्या फटीला नाक लावून जोरजोरात हुंगायची. त्यानंतर बाबांचं खाकरणं, मग कुकर, मग समोरच्या रस्त्यावरून पहिल्या बसचा घरघराट. आणि या सगळ्याच्या खाली, कान दिला तरच कळेल अशी, आईच्या छातीतली बारीक शिट्टी. लहानपणी मला वाटायचं की सगळ्यांच्या आया अशाच वाजत असतील. आर. के. पुरमच्या त्या तळमजल्यावरच्या सरकारी क्वार्टरमध्ये दोन खोल्या, एक स्वयंपाकघर आणि मागे भिंतीचं चिमुकलं अंगण होतं. त्या अंगणात माझ्या वाढीची मधली वर्षं एका पिवळट लॅब्रॅडोर कुत्रीने व्यापली, आणि त्यात माझ्या आईला श्वास पुरला नाही. हे प्रकरण त्याचंच आहे.

बाबा श्वानपथकात हवालदार होते. कुठल्या दलाच्या ते मी लिहीत नाही. ज्यांना कळायचं त्यांना कळेल, आणि बाकीच्यांना त्याने फरक पडत नाही. बाबा आणि रोमा ही जोडी होती. एका कुत्र्याला एक हँडलर, असा तिथला रिवाज. मंत्री यायच्या आधी खुर्च्या हुंगायच्या, परेडच्या आधी मंडप हुंगायचा, बेवारस बॅग सापडली की सगळे मागे पळायचे तेव्हा या दोघांनी पुढे जायचं. एरवी ही कुत्री पथकाच्या मैदानावर राहायची. पण तिथल्या त्यांच्या खोल्या पाडून नव्या बांधायला घेतल्या, आणि तोवर तात्पुरतं म्हणून प्रत्येक हँडलरने आपलं जनावर आपल्या क्वार्टरवर न्यावं असं ठरलं. सरकारी तात्पुरतं म्हणजे काय असतं, हे आमच्या कॉलनीत वाढलेल्या कुणालाही समजावून सांगावं लागत नाही.

रोमा घरी आली आणि तिच्याबरोबर एक नियम आला. बाबांशिवाय कुणीही तिला काहीही खायला घालायचं नाही. या कुत्र्यांना तसंच शिकवलेलं असतं. अनोळखी माणूस मटणाचा तुकडा पुढे करतो, कुत्र्याने तोंड लावलं की ओरडा बसतो. असं होता होता त्यांच्या डोक्यात बसतं की आपल्या माणसाच्या हातचं तेच अन्न, बाकी सगळं विष. कुणी विष घालून मारू नये म्हणून ही सोय. पण तिचा दुसरा अर्थ असा की बाबांना ताप येवो, पाहुणे येवोत, वीकली ऑफ असो, रोमाला दोन वेळा त्यांच्याच हातून खायचं असायचं. मी एकदा पोळीचा तुकडा धरला तर तिने माझ्याकडे अशा दयेने पाहिलं आणि तोंड फिरवलं, की मलाच लाज वाटली.

घालायचे बाबा, पण शिजवायची आई. दलिया, खिमा, गाजर, भोपळा, सगळं बिनमिठाचं, एका मोठ्या जर्मनच्या पातेल्यात. तो वास सकाळी घरभर पसरायचा आणि माझ्या शाळेच्या ओढणीला चिकटून बसायचा. आमचं वरण-भात, कधी सुट्टीच्या दिवशी पातोडीचा रस्सा, हे रोमाचं झाल्यावर. "आधी सरकारी नोकरीतल्यांचं," आई म्हणायची. अंगण दोनदा धुवायचं, ब्रशने केस काढायचे, कानात औषध घालताना बाबांनी तोंड धरलं की मागचे पाय आईने धरायचे. ड्यूटी पॉइंटवर पोचल्यापासून पॉइंटवरून निघेपर्यंतची बाबांची नोकरी मोजली जायची. त्याच्या अलीकडचं आणि पलीकडचं, म्हणजे आंघोळ, खाणं, फिरवणं, जुलाब झाले तर ते आवरणं, हे कशातच नव्हतं. आणि आई तर अर्थातच कशातच नव्हती.

आता मी नोएडात चौदाव्या मजल्यावर राहते. आमच्या सोसायटीत कुत्र्यांना फिरवायला माणूस येतो, तासावर पैसे घेतो आणि रविवारचे जास्त घेतो. लिफ्टमध्ये लोक त्याच्या नावाने कुरकुरतात. मी एकदाही कुरकुरले नाही. उलट तो भेटला की मला उगाचच त्याला चहा पाजावासा वाटतो.

आईला दमा होताच. अकोल्याकडच्या कोरड्या हवेत तो झोपून असायचा, दिल्लीने त्याला उठवला. तिला धाप लागली की ती उशा पाठीला लावून बसायची आणि माझ्याशी खुणांनी बोलायची. दवाखान्यात हिंदीत सगळं मीच सांगायची, कारण दम लागलेला असताना आईची हिंदी आधी पळून जायची. त्या डॉक्टरबाईंनी पहिलाच प्रश्न केला, "घर में कोई जानवर है?" मी बाबांकडे पाहिलं. बाबा बुटांकडे पाहत म्हणाले, "जी, है. सरकारी है." डॉक्टरबाईंना हसू आलं असावं, पण त्या स्पष्ट बोलल्या. जनावर घराबाहेर ठेवा, नाहीतर एखाद्या हिवाळ्यात हिला पंपही पुरणार नाही.

त्यांचं म्हणणं खरं होतं हे आम्हाला त्याच जानेवारीत कळलं. संक्रांतीच्या सुमारास पानिपतला, काला अंबच्या लढाईच्या स्मारकापाशी, आपली माणसं जमतात. त्या वर्षी कुणी बडे पुढारी यायचे होते म्हणून बाबा आणि रोमा दोन दिवस तिकडे बंदोबस्ताला गेले. आईने अंगण धुतलं, चादरी उन्हात टाकल्या, आणि त्या रात्री कित्येक महिन्यांनी ती आडवी झोपली. दुसऱ्या दिवशी तिने तिळगूळ करताना चक्क गुणगुणायला सुरुवात केली. तिचा आवाज इतका गोड आहे हे मला तोवर माहीतच नव्हतं. बाबा परत आले ते पानिपतची एक जाड घोंगडी आणि एक गोष्ट घेऊन. तिथे कोल्हापूरच्या एका गृहस्थांनी विचारलं म्हणे, "हवालदारसाहेब मराठी, मग कुत्र्यालाही मराठी कळत असेल?" बाबा म्हणाले, "कुत्री आहे ती. आणि तिला फक्त इंग्रजी कळतं. आमच्या घरात सगळ्यांत जास्त शिकलेली तीच." आम्ही खूप हसलो. हसता हसता आईला खोकल्याची उबळ आली, आणि बाबांनी रोमाला घाईघाईने अंगणात नेऊन दार लावून घेतलं. दाराला पाठ लावून ते बराच वेळ उभे राहिले.

बाबांना दुसऱ्या कामावर बदली मागता आली असती. त्यांनी तसं बोलूनही दाखवलं, पण आईच आडवी आली. "अहो, मग तिला कोण घालील? नवा माणूस लागेपर्यंत उपाशी मरेल ती." यावर उपाय काढला तो सूबेसिंगकाकांनी. हे बाबांच्या पथकातले, रोहतककडचे, आवाज असा की कुजबुजले तरी शेजारी ऐकावं. त्यांचं म्हणणं साधं होतं. घरी कुत्र्यासाठी जे करतो ती ड्यूटीच आहे, तर ती ड्यूटी धरा आणि तिचा भत्ता द्या. सगळ्या हँडलरांचा मिळून अर्ज गेला. बाकीच्यांना त्या भत्त्यातून काय काय करायचं होतं कोण जाणे. आमचं ठरलेलं होतं. मुनीरका गावात, आमच्या घरापासून पायी जाता येईल अशा अंतरावर, एका जाटाच्या घराखाली एक रिकामी खोली होती. तिथे रोमाला ठेवायचं, बाबांनी दोन्ही वेळा चालत जाऊन खायला घालायचं, आणि आईने आपल्या घरात श्वास घ्यायचा. भाडं आमच्या पगारातून निघण्यासारखं नव्हतं. भत्ता आला की निघणार होतं. बाबा जाता येता त्या खोलीच्या कुलपाकडे बघून यायचे.

अर्जावर विचार करायचा म्हणून एका रविवारी सकाळी मोठे साहेब स्वतः क्वार्टर बघायला येणार असं कळलं, आणि पाहणीसाठी नेमकं आमचंच घर ठरलं. आदल्या दिवशी सूबेसिंगकाका दारात उभं राहून आईला पढवून गेले. "भाभीजी, एक बात. घर जैसा है, वैसा ही रखना. साफ-वाफ कुछ नहीं करना. बाल पड़े हैं तो पड़े रहने दो. वो दवाई वाला पंप सामने मेज पे रखना. साहब अपनी आँख से देखें." आई मान हलवत राहिली. "जी भाईसाब, बिल्कुल."

आणि काका जिना... छे, जिना कुठला, आमचा तळमजला. काका फाटकाबाहेर पडतात न पडतात तोच तिने पदर खोचला. घरी माणूस येणार आणि फरशीवर कुत्र्याचे केस? ते तिच्या हातून होणंच शक्य नव्हतं. मी आठवण करून दिली तर म्हणाली, "हो गं, माहितेय मला. पण निदान बसायच्या जागी तरी." बसायची जागा करता करता तिने सगळं घर फिनेलने पुसलं, अंगणाचे कोपरे काथ्याने घासले, रोमाला ब्रश करून करून आरशासारखं केलं, बुद्धाच्या मूर्तीपुढची फुलं बदलली आणि दाराला धुतलेला पडदा लावला. फिनेलच्या वासाने तिला दोनदा पंप घ्यावा लागला. मग तो पंप तिने शेवेच्या डब्यामागे ठेवून दिला. सरकारी माणसाच्या पुढ्यात औषधं मांडून ठेवणं तिला भीक मागितल्यासारखं वाटत होतं.

साहेब आले. माणूस वाईट नव्हता, हे आजही सांगते. बूट बाहेर काढून आत आले, मूर्तीला हात जोडले, माझ्या अभ्यासाची चौकशी केली. आईने तर्री-पोहे केले होते, दिल्लीच्या माणसाला सोसेल इतपतच तिखट. साहेबांनी दुसऱ्यांदा मागून घेतले आणि आईचा चेहरा उजळला. मग अंगणात गेले. रोमा लखलखीत उभी, शेपूट हलवतेय, बाबांनी "सिट" म्हणताच बसतेय. फरशी अशी की तिच्यावर पोहे वाढावेत. साहेब खूष होऊन आईकडे वळले आणि म्हणाले, "भाभीजी, आपको तो बहुत तकलीफ़ होती होगी इसकी वजह से?"

हाच तो प्रश्न होता. यासाठीच ते आले होते. सूबेसिंगकाका त्यांच्या मागे उभं राहून आईकडे डोळे वटारून बघत होते. बाबांनी श्वास रोखला होता. आणि माझी आई, जी छातीतली शिट्टी साहेबांना ऐकू जाऊ नये म्हणून हळूहळू, मोजून मोजून श्वास घेत होती, ती हसून म्हणाली, "नहीं नहीं साहब, तकलीफ़ कैसी! घर की ही बच्ची है."

"वाह," साहेब म्हणाले. "मेश्राम, किस्मतवाले हो." त्यांनी रोमाच्या डोक्यावर थोपटलं. सूबेसिंगकाकांनी तोंड उघडलं, पण साहेबांच्या डोळ्यांत खरोखर पाणी आलेलं पाहून ते मिटून घेतलं. बायकोला साहेबांसमोर खोटं पाडायचं, हे बाबांच्या सात पिढ्यांत कुणी केलं नव्हतं.

काही आठवड्यांनी उत्तर आलं. हँडलर मंडळी या जनावरांना पोटच्या पोरांसारखं सांभाळतात हे पाहून समाधान वाटलं, आणि अशा आपुलकीला पैशात मोजणं हा तिचा अपमान ठरेल, असा त्याचा मतलब होता. त्या दिवशी बाबा आईवर ओरडले. मी त्यांना आईवर ओरडताना त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. "एक शब्द बोलायचा होता तुला. हो म्हणायचं होतं. फक्त हो!"

"घरी आलेल्या माणसाला?" आई म्हणाली. "पोहे खात असताना? तुमचं जनावर मला नको झालंय, असं सांगू?"

"मग मर अशीच!" बाबा म्हणाले आणि लगेच खाली बसले. दोन्ही हातांनी त्यांनी तोंड झाकून घेतलं. आईने त्यांच्या पाठीवर हात ठेवला. मग ती हळूच म्हणाली, "आणि खोटं कुठे बोलले हो मी? लळा लागलाय मला तिचा." मला तेव्हा तिचा इतका राग आला की मी बाहेर जाऊन वाळलेले कपडे उगाच पुन्हा झटकत बसले. आता मी तिच्या तेव्हाच्या वयापेक्षा मोठी आहे. पाहुण्यांसमोर दुखणी लपवते, सासरचं माणूस विचारतं तेव्हा "छे, कसला त्रास" म्हणते. तो राग मात्र अजून तसाच आहे.

मुनीरक्याची खोली एका शिंप्याने घेतली. उन्हाळा संपता संपता पथकाच्या मैदानावर पत्र्याची शेड उभी राहिली आणि बाबांनी धावपळ करून रोमाला तिथे हलवण्याची परवानगी मिळवली. जबाबदारी अर्थात त्यांचीच. मैदान पार नजफगडच्या वाटेवर. स्कूटरवर पहाटे तिकडे जायचं, तिला फिरवून, खायला घालून ड्यूटीवर न्यायचं, संध्याकाळी परत सोडायचं, खायला घालायचं, मग घरी. वीकली ऑफच्या दिवशीही हेच, फक्त ड्यूटी नसायची. घरातली फरशी कोरडी राहू लागली. आईची छाती थोडी हलकी झाली, पण बाबा घरात दिसेनासे झाले. तिला रात्री धरून बसवायला, पाठ चोळायला पूर्वी ते असायचे. आता ते आले की जेवता जेवता पेंगायचे. आणि घरात शिरताना दाराबाहेरच थांबून बाहीवरचे, पँटवरचे केस एकेक करून वेचायचे. आई आतून म्हणायची, "या हो, पुरे झालं." पण ते वेचून झाल्याशिवाय आत येत नसत.

दिवाळीनंतरचे ते दिवस. आजकाल त्या धुराला नाव आहे, आकडा आहे, फोनवर लाल रंगात तो दिसतो आणि शाळा बंद होतात. तेव्हा लोक नुसते "कोहरा है" म्हणायचे आणि खिडक्या लावून घ्यायचे. तो बाबांचा सुट्टीचा दिवस होता. सकाळी निघताना आईने त्यांना विचारलं होतं, "आज राहाल का जरा?" तिने असं कधी विचारलं नव्हतं. बाबा थांबले, तिच्याकडे बघून म्हणाले, "तिला आंघोळ घालून, खायला घालून लगेच येतो. काल संध्याकाळपासून काही नाही तिच्या पोटात." "जा मग," आई म्हणाली. "उपाशी नका ठेवू."

उन्हं वर आली तरी बाहेर पिवळट अंधारच होता. आई भांडी घासत होती, ती मधेच थांबली आणि ओट्याला धरून उभी राहिली. मी पंप दिला. दुसऱ्यांदा दिला. ती मान हलवत राहिली, म्हणजे आत जातच नाहीये. मी शेजारच्या नायर आँटींना हाक मारली. त्यांनी बाबांच्या नव्या मोबाइलवर फोन लावला. तो वाजत राहिला. बाबा शेडमध्ये रोमाला आंघोळ घालत होते आणि शर्ट, खिशातल्या फोनसकट, भिजू नये म्हणून दूर खुंटीला टांगलेला होता. आँटींनी आणि मी आईला धरून ऑटोत बसवलं. माझ्या खांद्यावर तिचं डोकं होतं. चौकात गाड्या तुंबल्या होत्या आणि मी त्या ऑटोवाल्याला हिंदीत काय काय विनवत होते. आईने एकदा माझा हात दाबला. हॉस्पिटलच्या दारात पोचलो तेव्हा तिच्या छातीतला आवाज थांबलेला होता. मला क्षणभर वाटलं, बरं वाटतंय तिला.

बाबा आले तेव्हा त्यांची पँट गुडघ्यापर्यंत ओली होती. आई स्ट्रेचरवर, चादर अजून गळ्यापर्यंतच. ते दारात थांबले. आणि तिथेच उभं राहून, तिच्याकडे बघत, बाहीवरचे केस वेचू लागले. एकेक करून. नायर आँटी तोंडात पदर घालून रडू लागल्या. मी जाऊन बाबांचा हात धरला आणि त्यांना आत ओढलं, तरी ते दुसऱ्या हाताने शर्ट झटकतच होते.

तिसऱ्या दिवशी साहेब भेटायला आले. आधी कळवून आले नव्हते. आम्ही जमिनीवर सतरंजीवर बसलो होतो, तेही खाली बसले. सूबेसिंगकाका बाबांना चिकटून होते. साहेबांनी आईच्या फोटोला हात जोडले, तिच्या हातच्या चवीची आठवण काढली, आणि त्यांचा आवाज खरोखरच भरून आला. मग बाबांच्या खांद्यावर हात ठेवून ते म्हणाले, "हिम्मत रखो, मेश्राम. एक बात की तसल्ली है. मैंने पता किया, उस दिन तुम्हारा ऑफ था. आख़िरी वक़्त में तुम घर पर तो थे."

सूबेसिंगकाका ताडकन सरळ झाले. बाबांनी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवून त्यांना खाली दाबलं.

"जी, सर," बाबा म्हणाले.

साहेबांची गाडी गेली. बाबा भिंतीला धरून उठले, पायात चपला अडकवल्या आणि स्कूटरची किल्ली घेतली. रोमा सकाळपासून उपाशी होती.